सॅक ठमेलमधून घ्यावी का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालोय. पुण्यात ६५ लिटरच्या चांगल्या सॅकच्या किमती ऐकून हात आखडला. काठमांडूच्या ठमेलमध्ये निम्म्यात मिळते असं सगळे सांगतात. तिथे जाऊनच घ्यावी का? नकली मालाची भीती वाटते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : घ्या, पण काठमांडूत एक पूर्ण दिवस हाताशी असेल तरच. ऑक्टोबरच्या गर्दीत लुकलाची, म्हणजे जिथून ट्रेक सुरू होतो त्या गावाची, बरीचशी विमानं काठमांडूहून सुटत नाहीत, रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तिथे पोचायला गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणून मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं. आदल्या संध्याकाळी घाईत घेतलेली सॅक तपासायला वेळच उरत नाही. शिवाय दशैं, म्हणजे आपलं नवरात्र-दसरा, त्याच सुमारास येतो. अष्टमी ते दशमी बरीच दुकानं बंद असतात. तारखा पाहूनच बेत आखा.

आता नकली मालाबद्दल. ठमेलच्या गल्ल्यांमध्ये नॉर्थ फेसचं नाव शिवलेल्या ज्या स्वस्त सॅक टांगलेल्या दिसतात, त्या त्या कंपनीच्या नसतात. खऱ्या ब्रँडची दालनं जवळच त्रिदेवी मार्गावर आहेत, पण तिथे स्वस्ताई नाही. नकलेतही दोन जाती आहेत. काही सॅक दोन-तीन मोठे ट्रेक आरामात काढतात, काहींचा पट्टा तिसऱ्या दिवशी हातात येतो. नाव दोन्हींवर एकच असतं, म्हणून नाव सोडा आणि शिलाई बघा.

सॅकमधला कागद-फोम काढायला लावा आणि ती आतून उलटी करून उजेडात धरा. खांद्याचा पट्टा पाठीच्या कापडाला जिथे जोडलाय तिथे दाट, आडवी, नागमोडी शिवण हवी. एकाच सरळ टाक्यावर पट्टा अडकवला असेल तर ती सॅक बाजूला ठेवा. सॅक गुडघ्याने दाबून पट्टा जोरात ओढा. सुईची भोकं रुंदावून त्यातून उजेड दिसला, तर १२ किलो वजनाखाली ती शिवण उसवणार.

कंबरपट्ट्यातला फोम अंगठा आणि तर्जनीत दाबा. बोटं एकमेकांना लागली तर चार दिवसांत तो पट्टा चपटा होईल आणि सगळा भार खांद्यांवर येईल. पाठीमागच्या कप्प्यात हात घालून आतली चौकट बाहेर ओढा. दोन बोटं रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी निघाली तर उत्तम, ती आपल्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवताही येते. नुसता पातळ प्लास्टिकचा पत्रा निघाला, तर भरलेली सॅक पाठीवर पोतडीसारखी गोळा होते.

बक्कल दहा वेळा लावा-काढा. हलक्या प्रतीचं प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं आणि लोबुचे-गोरक्षेप या बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामांवर, पहाटे, हातमोजे घालून ओढताना तुटतं. कंबरेचं बक्कल तिथे तुटलं की काही इलाज नाही, म्हणून त्याच मापाचं एक जादा बक्कल दुकानातूनच मागून घ्या. चेन रिकाम्या सॅकवर नेहमीच सरकते, ती सॅक ठासून भरल्यावर कोपऱ्यावरून ओढून बघा. चेनवर कोरलेल्या नावावर भरवसा नको, नक्कल त्याचीही होते. आतल्या लेपावर नख ओढा. पांढरा कोंडा निघाला तर ते कापड पाणी अडवणार नाही.

आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. ‘६५ लिटर’ असं शिवलेल्या सॅकमध्ये ४५ लिटरच मावणं ही तिथली नेहमीची गोष्ट. खिशात मोजपट्टी ठेवा. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणा आणि हजाराने भागा. ६२ × ३० × २४ म्हणजे ४४,६४० घनसेंटिमीटर, अर्थात साडेचव्वेचाळीस लिटर. टोपीचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, खिसा आणि बाजूचे खिसे धरून त्यात चार-पाच लिटर मिळवा, जास्त नाही.

तपासणीत पास झालेली सॅक घेतली तरी त्याच दिवशी ती शिंप्याकडे न्या. ठमेलमध्ये टी-शर्टवर ट्रेकची नावं भरून देणारी भरतकामाची दुकानं जागोजागी आहेत, शिलाई मशीनवाले तिथे सहज भेटतात. खांद्याचे दोन्ही पट्टे वर-खाली, कंबरपट्ट्याचे दोन्ही सांधे आणि वरची उचलायची कडी, एवढ्या जागी नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवण मारून घ्या. सुती दोरा भिजून-वाळून कुजतो, तो नको. या खर्चाला कृपया मागेपुढे पाहू नका. सॅकचं आयुष्य त्यानेच वाढतं.

प्रश्न : भाव कसा करायचा? आणि पैसे कोणते न्यायचे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दुकानदाराने आकडा सांगितला की पहिला प्रश्न : “आयसी की एनसी?” आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. १९९३ पासून १ भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. एनसीत ४,८०० म्हणजे आपले ३,०००. हा प्रश्न न विचारता घासाघीस केली, तर उतरवलेला भाव शेवटी भारतीय रुपयांत निघतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्याच दुकानात घेऊ नका. तीन-चार दुकानांत तीच सॅक विचारा, भाव लिहून ठेवा. सॅक, पावसाचं कव्हर, हातमोजे, पाण्याची बाटली असं एकाच ठिकाणी घेतलं तर सूट मोकळेपणाने मिळते. नकलेच्या सॅकवर पहिला आकडा बराच फुगवलेला असतो, तिथे भाव जरूर करा. ज्या दुकानांत छापील किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात तिथे फारसं उतरत नाही.

रोख न्यायची तर १०० च्या भारतीय नोटा न्या, मोठ्या नोटा दुकानदार घेईलच असं नाही. २०२४ पासून नेपाळच्या फोनपे कंपनीच्या क्यूआरवर भारतीय यूपीआय चालतं. आपल्याकडच्या त्याच उच्चाराच्या ॲपपेक्षा ही कंपनी वेगळी आहे, एवढं ध्यानात असू द्या. पण प्रत्येक दुकानात ती सोय नसते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट. मैत्रिणीची ६० लिटरची सॅक घेऊन हरिश्चंद्रगड केला, तर दोन्ही खांदे सोलवटले. नवी घेताना काय बघू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खांदे सोलवटले, कारण सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा लांब होती. उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जे हाड वर येतं ते वरचं टोक. दोन्ही हात कंबरेच्या हाडांवर असे ठेवा की अंगठे मागे येतील. अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे छेदते ते खालचं टोक. मधलं अंतर दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. तुमच्या उंचीला ते साधारण ४० सेंटिमीटरच्या आसपास निघेल. ठमेलच्या स्वस्त सॅक बहुतेक एकाच लांबीच्या, पुरुषांच्या मापाच्या असतात. त्यामुळे पाठ खालीवर सरकवता येणारी सॅकच मागा. ती मिळाली नाही तर ५० लिटरची बघा, तिची पाठ सहसा आखूड असते.

दुकानात जाताना ट्रेकचे कपडे आणि स्लीपिंग बॅग एका पिशवीतून घेऊन जा. ते भरा, वर पाण्याच्या एकेक लिटरच्या पाच-सहा बाटल्या घाला. सगळे पट्टे सैल करून सॅक चढवा. आधी कंबरपट्टा आवळा. कंबरेचं हाड पट्ट्याच्या बरोबर मध्ये यायला हवं. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅककडे तिरके जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. आता पंधरा मिनिटं चाला आणि दुकानाचा जिना दोनदा चढा-उतरा. कंबरपट्टा मांड्यांकडे घसरला तर ती सॅक तुमची नाही, मग भाव कितीही चांगला असो.

प्रश्न : आम्ही भारवाहक घेणार आहोत. तरी मोठी सॅक लागेल का?
– दोन वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. हा खर्च वाचवा. भारवाहक बहुधा नाम्लोने, म्हणजे कपाळावर अडकवलेल्या पट्ट्याने, ओझं नेतो. कंबरपट्टे आणि चौकटी त्याला अडचणीच्याच होतात. त्याच्यासाठी ८० लिटरची मऊ डफल बॅग सोयीची. अनेक ट्रेक कंपन्या ती वापरायला देतात, आधी विचारा. तुमच्या पाठीवर ३० ते ३५ लिटरची सॅक पुरे. दोघांत मिळून एकाच भारवाहकाकडे २० किलोच्या वर सामान देऊ नका. जॅकेट आणि स्लीपिंग बॅग ठमेलमध्ये भाड्याने मिळतात. अनामत रोख द्या, पासपोर्ट ठेवू नका.

लुकलाच्या विमानात माणशी १० किलो सामान आणि ५ किलो हातातलं, एवढंच चालतं. मोठी सॅक रिकामी असतानाच दोन किलोंच्या आसपास भरते.

प्रश्न : पावसाचं कव्हर पुरेसं असतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, तिथून पाणी मुरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा. कव्हरला नाडी असेल तर ती सॅकला बांधा. खिंडीतल्या वाऱ्याने नुसतं इलॅस्टिकवर बसवलेलं कव्हर उडून जातं.