कोल्हापुरात महापालिकेची दहा-बारा सभागृहं आणि दवाखाने सांभाळायला देखभालीची किती माणसं लागतील?

पाच जणांचं एक फिरतं पथक साधारण पुरतं: परवानाधारक वायरमन, प्लंबर, गवंडी, दोन मदतनीस. प्रत्येक इमारतीत वायरमन नेमला तर तो बहुतेक वेळ बसूनच राहतो. तिथल्या शिपायाकडे तक्रारवही द्या, बास. इथल्या पावसात खरं काम गच्चीवर असतं. मे अखेर पन्हळी आणि पाइपांच्या तोंडच्या जाळ्या साफ करून घ्या. जाळी पानांनी तुंबली की पाणी साचतं, स्लॅबमधून झिरपत स्विचबोर्डात उतरतं, आणि बोलणी खातो वायरमन! नाट्यगृह मात्र या हिशोबात धरू नका, प्रयोगाला तिथे वेगळा वायरमन हवाच. अग्निशमन यंत्रणाही परवानाधारक एजन्सीकडेच द्या. 2006 च्या राज्य कायद्यानुसार तिचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत लागतं.