20 फूट व्यासाची गोल विहीर की 20 बाय 20 ची चौकोनी, पाणी कशात जास्त?

पाणी चौकोनीत जास्त. चौकोनाचं क्षेत्रफळ 20 × 20 = 400 चौरस फूट, गोलाचं 3.14 × 10 × 10 = 314. फूटभर खोलीला चौकोनीत सुमारे 11,300 लिटर मावतं, गोलात 8,900.

पण ही तुलनाच लंगडी आहे. चौकोनीचा घेर 80 फूट, गोलाचा 62.8, म्हणजे बांधकामही त्याच प्रमाणात कमी-जास्त. खरी तुलना सारख्या क्षेत्रफळावर करा. चौकोनाच्या बाजूला 1.128 ने गुणा, तेवढा व्यास घ्या: 20 चा झाला साधारण 22 फूट 7 इंच. आता क्षेत्रफळ तेच 400, घेर मात्र 71 फूटच. दर फूट खोलीला 9 फूट भिंत वाचली.

मराठवाड्याच्या काळ्या मातीत दुसरंही कारण आहे. ही माती पावसात फुगते आणि भिंतीला आत ढकलते. गोल भिंतीचे दगड त्या दाबाने एकमेकांत आवळले जातात. सरळ भिंत मधोमध आत फुगते. मुरूम-खडक लागला की हा प्रश्न बराच मिटतो.

गोल विहिरीचं माप घेताना दोरीने घेर मोजून त्याला 4 ने भागून वर्ग करू नका, क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी कमी येतं. घेराचा वर्ग करून 12.57 ने भागा. आणि व्यास बांधकामाच्या आतूनच धरा: 20 फुटांच्या खड्ड्यात फूटभर जाड भिंत घातली की आत 18 च उरतात, क्षेत्रफळ 254.