भाड्याच्या छोट्या घरात जुने डबे-बरण्या वापरून बेडरूम कशी लावता येईल, खर्च कमीत कमी हवा?

मी डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये भाड्याने राहते, झोपायची खोली 9 बाय 10 ची आणि भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर लगेच लिहायला बसले. आधी एकच सांगते, डबे गोळा करायला सुरुवात करू नका. दोन दिवस नुसतं बघा की खोलीत काय काय लोळत पडतं, चार्जर, पिना, मोजे, औषधाच्या पट्ट्या, चादरी, आणि मग त्या त्या वस्तूला डबा शोधा. मी उलटं केलं होतं, आधी पंधरा-वीस डबे जमवले आणि खोली अजूनच भरून गेली.

माझ्याकडची सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा. तो साधारण सव्वानऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच असतो, म्हणजे गादी जमिनीवर किंवा दिवाण बुटका असेल तर उशाशी बरोबर बसतो. दोन डबे शेजारी ठेवून वर जुन्या शेल्फची फळी टाकली की पाण्याचा तांब्या, चष्मा, मोबाईल ठेवायला टेबल तयार. फरसाणवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळतो. फक्त त्यावर बसू नका, पत्रा दबतो. आणि रंगाचे, फवारणीच्या औषधाचे डबे कितीही धुतले तरी झोपायच्या खोलीत आणू नका.

आता तयारी, कारण खरी मेहनत इथेच आहे. पहिला डबा मी नुसता पुसून ऑइलपेंट मारला होता, पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे निघाले आणि खालच्या फरशीवर गंजाचा चौकोन उमटला, तो लिंबू-मीठ लावून घासला तेव्हा कुठे बराचसा गेला. घरमालकाची फरशी, त्यामुळे जीवाला घोर लागला होता. तेव्हापासून आधी आतलं तेल रद्दी पेपरने टिपून घेते, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोनदा खळखळून धुते, दोन दिवस कडक उन्हात. वरचं झाकण पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कापून घ्या आणि कडा आत वळवून मागा, घरी कात्रीने कापलं तर हात कापतोच. मग पॉलिश पेपरने घासून लाल प्रायमर, तो पूर्ण वाळला की ऑइलपेंटचे दोन पातळ हात. बुडाला जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवले की फरशीला पत्रा टेकत नाही. रंग द्यायचा नसेल तर जुन्या इरकलीचा काठ गुंडाळा, मला तर तेच जास्त आवडतं.

लोणच्याची चिनी मातीची बरणी, ती वरून तपकिरी खालून पांढरी, तिचा टवका उडाला की कोणी परत लोणचं भरत नाही पण टाकवतही नाही. आमच्या आजीची अशी एक होती, ती आता खिडकीत आहे, दसऱ्याच्या तोरणातल्या भाताच्या लोंब्या वाळवून त्यात ठेवल्यात. दाण्यांना किडे होतात म्हणून दर वर्षी बदलायच्या. लहान बरणीत कंगवे, पेनं. तडा गेलेल्या बरणीत पाणी घालून मनीप्लांट लावू नका, ओल पाझरते.

कॉफीच्या काचेच्या बाटल्यांत टिकल्या, सेफ्टीपिना, बटणं मस्त दिसतात. लेबल निघत नसेल तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून तासभर लावून ठेवा. श्रीखंडाचे, आईस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे मात्र दर्शनी ठेवू नका, त्यावर रंग टिकत नाही, ते ड्रॉवरच्या आत मोजे-रुमालांचे कप्पे म्हणून छान.

घरी पत्र्याची ट्रंक असेल तर तुम्ही नशीबवान आहात. आमच्या ट्रंकेवर आजोबांचं नाव आणि गावाचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं आहे, नवरा म्हणाला रंगवून टाकू, मी हात लावू दिला नाही, फक्त गंज घासून आत पेपर अंथरला. आत जादा चादरी, रजई आणि पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत, वर जुन्या साड्यांची गोधडी दुमडून ठेवली आहे. पावसाळ्यात खाली चार विटा लावते आणि उघडीप पडली की झाकण उघडून ठेवते.

सगळं मिळून मला प्रायमर, रंग, ब्रश आणि पॉलिश पेपर एवढंच विकत आणावं लागलं. तुमच्या घरात काय काय डबे पडलेत ते कमेंटमध्ये सांगा, त्यावरून नक्की काय करता येईल ते सुचवते.