जंतांवरच्या औषधांची चाचणी: हे काम मला जमेल का?

प्रश्न: मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोटातल्या जंतांवरच्या औषधांची प्राण्यांवर चाचणी होते, त्या संशोधनात जायचं आहे. नेमकं काय करावं लागतं? पशुवैद्यकाची पदवी लागते का?

उत्तर: पशुवैद्यकाच्या पदवीवाचून अडत नाही. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊनही इथे येता येतं. प्राणी हाताळण्याचं प्रशिक्षण मात्र वेगळं घ्यावं लागतं. खरी कसोटी मोजणीत आहे.

एक नेहमीची चाचणी बघ. हेलिग्मोसोमॉइड्स हा उंदराच्या लहान आतड्यातला गोलकृमी. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा मागही याच कृमीची लागण केलेल्या उंदरांमुळे लागला. या कृमीच्या साधारण 200 अळ्या बोथट टोकाच्या सुईने तोंडावाटे जठरात सोडतात. सुई श्वासनलिकेत गेली तर उंदीर दगावतो, म्हणून हात आधी या कामात बसायला हवा. दोनेक आठवड्यांत कृमी प्रौढ होतात. मग औषध देतात, 20 ग्रॅमच्या उंदराला 0.2 मिली. आठवडाभराने विच्छेदन करून आतडं उभं चिरायचं आणि कृमी मोजायचे. औषधाविना नुसतं द्रावण दिलेल्या कंट्रोल गटात सरासरी 120 आणि औषधाच्या गटात 30 निघाले, तर घट 75 टक्के. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं.

बिघडतं ते साध्या गोष्टींत. अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तळाशी बसतं. प्रत्येक डोसाआधी नळी हलवली नाही, तर पहिल्या उंदराला नुसतं पाणी आणि शेवटच्याला गाळ जातो. निप्पोस्ट्राँगिलस हा कृमी रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) स्वतःच्या प्रतिकारशक्तीने दहा-बारा दिवसांत बाहेर टाकतो. औषध उशिरा दिलं, तर कंट्रोल गटही रिकामा होतो आणि निकामी औषध गुणकारी वाटू लागतं. लेंड्यांतली अंडी कमी झाली म्हणजे जंत मेले असंही नाही. औषधामुळे माद्या काही दिवस अंडी घालायच्या थांबलेल्या असू शकतात.

विच्छेदनासाठी प्राण्याला मारावं लागतं. ते मनाला पटणार नसेल, तर आत्ताच कबूल कर. काचपात्रात अळ्यांची हालचाल किंवा अंडी उबणं तपासूनही औषधांची पहिली चाळणी होते, आणि त्या चाचण्या नेमक्या असल्या की प्राणी कमी लागतात. तेही मोलाचं काम आहे.

सध्या कॉलेजात मॅकमास्टर स्लाइड (अंडी मोजायची दोन कप्प्यांची काचपट्टी) मिळव. शेळीच्या 3 ग्रॅम लेंड्या 42 मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कुस्करून गाळ, दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून बेरजेला 50 ने गुण, की एका ग्रॅममागची अंडी मिळतात. एकाच नमुन्यातून पाच वेळा स्लाइड भर आणि आकडे किती जवळ येतात ते बघ.