मंदीच्या काळात शेअर बाजार कुठे जाईल यावर मित्राशी पैज लावावी का? मैत्री बिघडते का?

लावा की. फक्त पैशांची नको, आणि कागदावर लिहिल्याशिवाय तर मुळीच नको. मैत्रीचं विचाराल, तर माझी बिघडली. पैज हरल्यामुळे नाही. पैज कशावर होती तेच नंतर बदललं गेलं म्हणून.

ऑक्टोबर 2008. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप, ट्रकच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट टर्निंग करून द्यायचं काम. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून महिना उलटला होता. ज्यांना माल द्यायचो त्यांनी आधी शेड्यूल निम्म्यावर आणलं, मग ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद. चारपैकी एकच लेथ चालू. पोरं सकाळी यायची, चहा प्यायची आणि बंद मशीन पुसत बसायची. हे रोज डोळ्यांसमोर असताना टेकडीवर फिरताना अण्णा म्हणाले, "अरे, रेपो नऊचा आठ झाला, सीआरआर साडेसहावर आला. पैसा येणार. मेअखेर सेन्सेक्स 14,000 बघ." (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर; सीआरआर म्हणजे ठेवींचा जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो तो. दोन्ही उतरले की बँकांच्या हातात पैसा खेळतो.) अण्णा आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले, बँकेतून निवृत्त. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सेन्सेक्स 8,000 च्या खाली जाऊन आला होता. मी म्हटलं, अण्णा, लिहून द्या.

डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहिलं: "31 मे 2009 पर्यंत सेन्सेक्स एकदा तरी 14,000 च्या वर बंद होईल, अण्णा. होणार नाही, मी. हापूसची एक पेटी." खाली दोघांच्या सह्या.

शुक्रवार, 15 मे. बाजार 12,173 ला बंद. मी निर्धास्त. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले. सोमवारी बाजार उघडला आणि लगेच वरचं सर्किट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे चढला म्हणून व्यवहार थांबवले. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा सर्किट, आणि दिवसभरासाठी बंद. 2,110 अंश वर, 14,284.

त्याच संध्याकाळी मार्केट यार्डातून पेटी आणून अण्णांच्या दारात ठेवली. त्यांनी गवत बाजूला सारलं, एक फळ देठाशी हुंगलं आणि म्हणाले, "मंदी नाहीच, हेच तर मी सांगत होतो."

मंदी नाहीच? त्या दिवशीसुद्धा माझे दोन लेथ बंद होते. दोन पोरांचा हिशोब करून त्यांना घरी पाठवलं त्याला आठवडा झाला होता. बाजार उसळला तो डाव्यांच्या टेकूशिवाय स्थिर सरकार येणार म्हणून. व्याजदराचाही वाटा असेल, रेपो तोवर 4.75 वर आला होता; पण रेपोने एका दिवसात 2,110 अंश चढत नाहीत. आकडा अण्णांचा बरोबर, पेटी अण्णांची. कारण बरोबर होतं हे मी तेव्हा मानलं नाही, आजही मानत नाही.

अर्थतज्ज्ञ सायमन आणि जीवशास्त्रज्ञ एर्लिक यांची पैज तुम्हाला माहीत असेलच, 1980 ची, पाच धातूंच्या भावांवर. एर्लिक म्हणाले चढतील, सायमन म्हणाले उतरतील. 1990 मध्ये भाव उतरलेले निघाले आणि एर्लिकनी 576.07 डॉलरचा चेक पाठवला. पण सुरुवातीलाच भाव चढे होते, मध्ये जागतिक मंदी येऊन गेली. दुसरी काही दहा वर्षं धरली असती तर चेक उलटा गेला असता. म्हणून आकडा, तारीख, बंद भाव हे तर लिहाच, पण "का" तेही एका ओळीत लिहून घ्या. आम्ही ते लिहिलं नाही, तिथेच चुकलो.

आणि हो, 1872 च्या करार कायद्यात कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. समोरच्याने हात वर केले तर वसुली नाही. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे त्याच्याशी तर असली पैज लावूच नका. अण्णांच्या "मंदी नाहीच"बद्दल म्हणाल, तर देशाचं एकूण उत्पादन तेव्हा घटलं नव्हतं, वाढ मंदावली होती, हेही मला मान्य आहे. पण भोसरीत येऊन अण्णांनी एकदाही बघितलं नाही.

"मंदी नाही हे मी 2008 लाच सांगितलं होतं," असं अण्णा अजून कट्ट्यावर नव्या माणसाला सांगतात. ते चलन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शाई पुसट झालीये, पण वाचता येतं. त्यात मंदी हा शब्द कुठेही नाही.