विदारण, झीज की धूप?

प्रश्न असा आहे: एका माहितीफलकासाठी 'तापमान, वारा आणि पाणी यांमुळे खडकांची धूप होते' असं वाक्य तयार झालं आहे. त्यात 'धूप' चालेल की 'झीज' हवं? आणि शाळेच्या भूगोलात भेटलेलं 'विदारण' हे झिजेचंच भारदस्त नाव, की काही निराळं?

'धूप' आधी काढा. धूप होते ती मातीची, जमिनीची. खडक धुपत नाही. शिवाय ही धूप स्त्रीलिंगी, देवापुढचा धूप पुल्लिंगी, आणि हिंदीतली धूप म्हणजे ऊन. तेव्हा 'तापमानामुळे धूप' हे शब्द वाचून हिंदी जाणणाऱ्याची चांगलीच करमणूक होईल. जाता जाता, अतिवृष्टीनंतरच्या पंचनाम्यांत 'जमीन खरडून गेली' असं लिहितात, तो प्रयोग मला फार आवडतो. धूप वर्षानुवर्षं नकळत चालू असते. जमीन खरडून जाते ती एका पुरात, खालचा मुरूम उघडा पडेपर्यंत. हा फरक शेतकरी आणि तलाठी दोघेही अचूक पाळतात.

आता झीज आणि विदारण. 'झिजणे' संस्कृत 'क्षीयते'पासून प्राकृत 'झिज्जइ'मार्गे आपल्याकडे आलं. चपलेची टाच झिजते, सहाण झिजते, देवळाची पायरी झिजते. म्हणजे झीज म्हटली की घासणारं कुणीतरी हवं आणि घासून निघालेलं तिथून गेलेलं हवं. 'विदारण'मध्ये 'फाडणे' या अर्थाचा 'दॄ' धातू आहे, 'हृदयविदारक'मधलाच. भूगोलातल्या विदारणात खडक जागच्या जागी फुटतो, सुटा होतो, कुजतो. त्याचा भुगा तिथेच पडून राहिला तरी विदारण झालेलंच असतं. तो भुगा कुणी उचलून नेला की विदारणाची हद्द संपते.

या कसोटीवर तुमच्या वाक्यातलं 'तापमान' लगेच वेगळं पडतं, कारण तापमान काही वाहून नेत नाही. त्याचा संबंध विदारणाशीच. तिथेही 'तापमानातील चढउतार' असं लिहा. नुसत्या 'तापमानामुळे' काय होतं ते कळत नाही. दिवसा खडक तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो. ग्रॅनाइटसारख्या खडकात तर वेगवेगळी खनिजं वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून कणाकणात ताण येतो. लडाखसारख्या ठिकाणी भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावतं.

पण केवळ उन्हाने खडक किती फुटतो? ग्रिग्ज नावाच्या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1936 मध्ये ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवून थंड केला, म्हणजे रोज एकदा धरलं तर जवळजवळ 244 वर्षांचं ऊन. कोरड्या दगडावर डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. थंड करताना पाणी वापरल्यावर मात्र पृष्ठभाग बिघडू लागला. पुढच्या संशोधनात उन्हाची बाजू थोडी सावरली गेली, पण पाण्याचं पारडं तेव्हापासून जडच आहे. आपल्या घाटरस्त्यांच्या कडेला काळ्या दगडाचे जे गोल गड्डे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले, ते पाहून माणसं म्हणतात 'उन्हाने सोलले'. प्रत्यक्षात या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, सांध्यांतून पाणी शिरतं, खनिजांचं रूप बदलतं, आणि कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मारा होत असल्याने चौकोनी ठोकळा गोलावत जातो. हे रासायनिक विदारण. कोकणातला जांभा त्याचीच पुढची पायरी: सिलिका विरघळून निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात.

पाण्याची पंचाईत ही की ते दोन्हीकडे आहे. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर पायऱ्या उतरून खाली समुद्रालगत जा. पायाखाली खडकाचा सपाट ओटा लागतो. लाटांनी आणि त्यांच्याबरोबर आपटणाऱ्या वाळू-गोट्यांनी कडा मागे हटवत हटवत तो तयार केला, ही झीज. तिथेच खडकाच्या उभ्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत. खारे तुषार खडकात मुरतात, पाणी सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण सुटे करतात, हे विदारण. समुद्र एकच, शब्द दोन.

कुकडी नदीवर निघोजला जे रांजणखळगे आहेत, तिथे असा संभ्रमच नाही. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं गरगरा फिरून पात्रातला बेसॉल्ट कोरत राहिले. काही रांजणांच्या तळाशी गोटे असतात, तेही झिजून गुळगुळीत झालेले. 'रांजणखळगा' हा शब्द ज्याला सुचला त्याला दाद द्यावी. आकारही त्यात आला आणि खोलीही.

वारा झिजेच्या बाजूचा. त्याचं हत्यार वाळू, आणि वाळूचे कण जमिनीपासून फार उंच उडत नाहीत, म्हणून वाळवंटातले भूछत्र खडक बुंध्याशीच जास्त कोरले जातात. फलक महाराष्ट्राविषयी असेल तर वाऱ्याला पाण्याच्या बरोबरीचं स्थान देऊ नका. त्याचा खरा पराक्रम थरच्या वाळवंटात दिसतो.

मी वाक्य असं करीन: 'तापमानातील चढउतार आणि पाणी यांमुळे खडकांचे विदारण होते, वाहते पाणी, लाटा आणि काही प्रमाणात वारा त्यांची झीज करून सुटा माल वाहून नेतात.' लांब झालं खरं, पण चूक उरली नाही.

'क्षरण' का नको, असं कुणी विचारेल. शब्द सुंदर आहे, 'अक्षर'चा सख्खा भाऊ. पण शाळेच्या विज्ञानात क्षरण म्हणजे लोखंड गंजणं वगैरे, त्यामुळे फलक वाचणारी मुलं गोंधळतील. 'अपक्षय' आणि 'अपरदन' ही हिंदी पाठ्यपुस्तकांतली जोडी आहे, ती तिकडेच शोभते. आणि 'नदीचे खननकार्य' हा पाठ्यपुस्तकी प्रयोग तर फलकावर अजिबात नको. वर्गात तो ठीक आहे, पण 'अवैध खनन'च्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला नदीकाठी तो फलक दिसला, तर तो आधी वाळूचे डंपर शोधेल.