सोलापुरात बसून खोल समुद्रासाठी जुनी शिडाची बोट निवडायची तर

प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघं मूळचे सोलापूरचे, सध्या मस्कतला नोकरीला. साठ हजार डॉलरच्या आत जुनी शिडाची बोट घ्यायची आणि अंदमान, श्रीलंका, मालदीव असं निवांत फिरायचं. दोन बोटी मनात भरल्यात. एक २००६ ची, ३९ फुटी, फ्रेंच कारखान्याची, ग्रीसमध्ये चार्टरला, म्हणजे आठवड्याच्या भाड्यानं, चालवलेली. दुसरी १९८४ ची, ३६ फुटी, लांब कीलची (कील म्हणजे तळाखालचं वजनदार पातं) वजनदार इंग्लिश बोट, मलेशियात लंकावीला उभी आहे. त्यात कुणीतरी सांगितलंय की कारखान्यात घाऊक बनलेली ‘प्रॉडक्शन’ बोट खोल समुद्रात टिकत नाही.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो. आता जुळे सोलापुरात असतो आणि ओळखीपाळखीच्यांसाठी अशा बोटी बघायला, कधी चालवत आणायला जातो. गल्लीत अजून विचारतात, ‘काका, समुद्र कुठं, आपण कुठं?’ त्यामुळं आपल्या गावचं कुणी हे विचारतंय म्हटल्यावर जरा सविस्तरच लिहितो.

प्रॉडक्शन बोटीबद्दलचं ते वाक्य डोक्यातून काढून टाका. एका साच्यातून शेकड्यांनी निघाली की ती प्रॉडक्शन बोट. मग इंग्लंडची कॉन्टेसा ३२ पण त्यातच आली, ती तर सातशेच्या वर बनली. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळानं १५ स्पर्धकांचा बळी घेतला, तेव्हा सगळ्यात लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी करणारी एकमेव बोट कॉन्टेसा ३२ होती. आपले अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले ते रस्टलर ३६ वर, तीही साच्यातलीच. आणि दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला बोटींचा जो ताफा निघतो, १९८६ पासून निघतोय, त्यात बेनेटो, जानो, बव्हेरिया अशा साध्या कारखानी बोटींचीच गर्दी असते. बोटीचं नाव विचारून फारसं काही हाती लागत नाही. कारखान्यातून निघाल्यावर या एका बोटीचं पुढं काय काय झालं, ते खणून काढायचं. एकाच वर्षीच्या दोन सख्ख्या बहिणींपैकी एक घरच्या माणसासारखी सांभाळलेली असते, दुसरी दर आठवड्याला नवा गिऱ्हाईक खडकावर घालत असतो.

पण ग्रीसच्या बोटीचा निकाल त्याआधीच लागतो, आणि तो तिच्या तब्येतीवरून नाही, तिच्या पत्त्यावरून. भूमध्य समुद्रातून इकडं यायचं म्हणजे सुएझ, तांबडा समुद्र आणि एडनचं आखात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तिथं जहाजांवर हल्ले सुरू केले, मोठमोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. त्याच्या आधी सोमाली चाच्यांचा धुमाकूळ होता. २०११ च्या फेब्रुवारीत मुंबईहून ओमानकडं निघालेल्या ‘क्वेस्ट’ या खासगी शिडाच्या बोटीवरचे चारही अमेरिकन मारले गेले. आज थोडं शांत वाटलं तरी दोन माणसांनी घरच्या बोटीत तिथून जावं असं मी म्हणणार नाही, आणि विमावालाही म्हणणार नाही. जहाजावर लादून आणायचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतील. तेव्हा मालक, बोट इकडच्या बाजूलाच शोधा: लंकावी, फुकेत, तो सगळा पट्टा. युरोपातून, ऑस्ट्रेलियातून निघालेली जोडपी तिथपर्यंत येतात, दमतात, नातवंडं झाल्यामुळं घरी जातात आणि बोट विकायला काढतात. अशा बोटीवर सोलर, चांगला नांगर, साखळी, वाऱ्यावर चालणारं सुकाणू हे सगळं आधीच बसवलेलं असतं. चार्टरच्या बोटीवर यातलं फारसं काही नसतं.

आता तब्येत. सांगोल्याच्या बाजारात खिलार घेणारा शिंगांचा रंग बघत नाही, तोंड उघडून दात बघतो. इथं दात म्हणजे कील, सुकाणू आणि रिगिंग, म्हणजे डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा. गाद्या, पडदे, टीव्ही, फ्रीज हे सगळं शिंगांच्या रंगात जमा.

बोल्टनं जोडलेल्या कीलकडं सगळ्यात जास्त वेळ द्या. लंकावीला मी एक बोट बघितली होती, तुमच्या ग्रीसवाल्या बोटीसारखीच. दलाल वर गप्पा मारत बसला होता. खाली जाऊन पायाखालची फळी उचलली तर बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, ताजा पांढरा रंग, आणि बाकी बोटीत कुठंच नवा रंग नाही. तिथंच कान टवकारले. बॅटरी, म्हणजे टॉर्च, आडवी धरून बघितलं तर मागच्या दोन बोल्टांच्या कडेनं त्या नव्या रंगातसुद्धा केसाएवढी चीर. नख फिरवलं की अडकायचं. मग हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, आतून चिकटवलेल्या फायबरच्या चौकटीवर प्लास्टिकच्या हातोडीनं टकटक करत मागं सरकत गेलो. पुढं आवाज खणखणीत, शेवटच्या हातभर भागात भद्द. बाहेर येऊन कीलच्या पुढच्या कडेवर, अगदी खालच्या टोकाशी हात फिरवला तर तिथं पुट्टी भरून गुळगुळीत केलेलं. गोष्ट सरळ होती. कील खडकावर आपटली की तिचं खालचं टोक जागीच थांबतं, बोट पुढं रेटते, आणि कीलचा मागचा भाग वर, हलच्या तळात घुसायला बघतो. म्हणून मार लागतो पुढं आणि चिरा पडतात मागं. मालकाच्या कागदात याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

याला मी एवढा भितो त्याला कारण आहे. मे २०१४ मध्ये ‘चिकी रफिकी’ ही बेनेटो फर्स्ट ४०.७ अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना भर अटलांटिकमध्ये कील तुटून उलटी झाली, चौघे गेले. नौदलाच्या जहाजाला ती पालथी सापडली तेव्हा लाइफराफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगवता येणारा तराफा, आतच, आपल्या जागेवर होता. ब्रिटिश तपासयंत्रणेचा निष्कर्ष असा की पूर्वी बोट तळाला लागल्यामुळं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळं कील जिथं बसते तिथली रचना कमकुवत झाली असावी. म्हणून विकणाऱ्याला लेखी विचारा: बोट कधी तळाला लागली का, विम्याचा दावा केला होता का, दुरुस्ती कुणी केली. आणि क्रेननं उचलताना स्वतः खाली उभे राहा. पट्ट्यांवर लोंबकळताना कील-हलच्या सांध्यात फट दिसते आणि जमिनीवर टेकवल्यावर ती मिटते, असं झालं तर दलालाचा निरोप घ्या आणि परत या.

युरोपात १९९८ नंतर विकलेल्या बोटींवर सीईचा, म्हणजे युरोपीय मानकं पाळल्याचा, शिक्का असतो, आणि ‘कॅटेगरी ए’ म्हटलं की लोक निश्चिंत होतात. ए म्हणजे ४० नॉटच्या (ताशी सागरी मैल) वरचा वारा आणि चार मीटरच्या वरच्या लाटा धरून केलेली रचना. चांगलंच आहे. पण तो शिक्का नव्या बोटीचा आहे, अठरा वर्षांनंतरच्या नाही.

बोट लाटेत उलटायचा धोका किती, याचं दुसरं एक गणित कागदावर करता येतं. बोटीची रुंदी फुटांत घ्या. वजन पौंडांत घेऊन त्याला ६४ नं भागा, त्याचं घनमूळ काढा, आणि रुंदीला त्यानं भागा. उत्तर २ च्या खाली हवं. कॉन्टेसा ३२ ची रुंदी साडेनऊ फूट, वजन ९,५०० पौंड, उत्तर १.८ च्या आत. १३ फूट रुंद, १७,००० पौंडांची चाळीसफुटी घेतली तर २ च्या किंचित वर जाते. हे फास्टनेटनंतरच्या अभ्यासातून आलेलं ढोबळ माप आहे. वजन बोटीत किती खाली बसलंय हे त्याला कळत नाही, त्यामुळं २.०२ आलं म्हणून चांगली बोट सोडू नका. दोघांच्या सहा महिन्यांच्या सामानानं हलकी रुंद बोट किती जड होईल, याचा विचार जास्त उपयोगी. मस्कतहून येताना आपण विमानात किती बॅगा आणतो, तुम्हाला माहीतच आहे.

सुकाणू: बोट वर काढलेली असताना खालचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवा, खडखड लागली तर बेअरिंग गेलं. पाण्याबाहेर काढून दोन-तीन आठवडे झाले तरी तळाच्या शिवणीतून तांबूस ओघळ येत असेल तर आतला फोम पाणी प्यालाय, आणि त्यात बुडालेला स्टीलचा दांडा कुठल्या अवस्थेत आहे ते देव जाणे. मला स्वतःला सुकाण्यापुढं आधाराचा स्केग असलेली बोट आवडते, पण निव्वळ एवढ्यासाठी पैसे वाढवणार नाही.

रिगिंग: तारा कधी बदलल्या, पावती आहे का? दहा-बारा वर्षं उलटली असतील तर दिसायला कितीही चकचकीत असोत, बदलायच्याच असं धरून भाव करा. बरेच विमावाले तेच सांगतात. भिंग घेऊन तारेच्या टोकाच्या दाबलेल्या नळीवर उभी चीर शोधा. इंजिनाबद्दल मी इंजिनिअर असून कमी लिहितो, कारण डिझेल इंजिन दुरुस्त होतं, यानमार-व्होल्वोचे सुटे भाग तिकडं मिळतात. एकच गोष्ट: सेलड्राइव्ह, म्हणजे तळातल्या भोकातून खाली उतरणारा इंजिनाचा पाय, असेल तर हलच्या भोकावरचं रबरी डायफ्रॅम कधी बदललं ते विचारा. व्होल्वो सात वर्षांनी बदला म्हणते. ते फाटलं की बोटीला भोक.

आता तुमची १९८४ ची म्हातारी. बांधणी मजबूत, मोठ्या लाटेत सावकाश डुलते, आणि कील हलच्याच अंगात ओतलेली असेल तर बोल्टांची भानगड नाही. दोघांनीच रात्रीचे पहारे द्यायचे तर असली शांत चाल फार मोलाची. पण तिचं दुखणं वर, डेकमध्ये असतं. त्या काळच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मधे बहुतेक वेळा बाल्सा लाकूड. रेलिंगच्या खुंटांखालचं, डेकमधून आत जाणाऱ्या चेनप्लेटांभोवतीचं (डोलकाठीच्या तारा ज्यांना बांधतात त्या पट्ट्या) सीलंट उन्हानं मेलं की पाणी आत झिरपतं आणि लाकडाचा लगदा होतो. लंकावीचं ऊन आणि दमट हवा, दोन्ही मिळून हे काम झपाट्यानं करतात. अनवाणी चालून बघा, कुठं पायाखाली दबतंय का. वर सागवानी डेक स्क्रूनं ठोकलेला असेल तर प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. आणि या चेनप्लेटा ओल्या डेकमध्ये दडून आतल्या आत कुजतात. बाहेरून चकाकतात, आत निम्म्या झालेल्या असतात. म्हणून व्यवहारातच अट घाला की किमान एक चेनप्लेट उपसून दाखवायची. मालक कुरकुर करेल. करू दे.

मला विचाराल तर या म्हातारीचा सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून तपासणी, करून घ्या, आणि त्याच धक्क्यांवर २००० च्या आसपासची, ३६ ते ३८ फुटांची, एखाद्या जोडप्यानं राहून वापरलेली कारखानी बोट सोबत शोधत राहा. ३९ च्या पुढं जाऊ नका. प्रत्येक फुटाला शीड, दोरी, धक्क्याचं भाडं, सगळंच वाढतं, आणि वाऱ्यात शीड आवरायला तुम्ही दोघंच.

पैसा. साठ हजार आहेत ना? मग बोटीला चाळीस. उरलेल्यात तारा, शिडं, बॅटऱ्या, लाइफराफ्टचं सर्व्हिसिंग, तळाचा रंग, आणि जे उघडल्यावर निघेल ते. सगळे पैसे किमतीत घालून बसलेली आणि धक्क्यालाच बांधून राहिलेली जोडपी तिकडं डझनानं भेटतात. सर्व्हेअर आपला आपण निवडा, दलालानं सुचवलेला नको. त्याची फी तुम्ही द्या आणि रिपोर्ट तुमच्या नावावर घ्या. करार ‘सर्व्हे आणि समुद्रचाचणी पास झाली तर’ याच अटीवर. मालकीच्या जुन्या पावत्यांची साखळी, आधीच्या देशाच्या नोंदणीतून नाव कमी केल्याचं पत्र, आणि कर्ज नसल्याचा दाखला हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. भारतात कायमची आणायची असेल तर बोट घेण्याआधी, नंतर नाही, कस्टमच्या एजंटाशी बसा. आयातशुल्क भरून हौस फिटते.

सरावाचं विचारलं नाहीत, पण सांगतो. सुट्टीला सोलापूरला आलात की मुंबईच्या क्लबांसाठी धावाधाव करू नका, हैदराबाद जवळ पडतं. हुसेनसागरावर शिडाच्या छोट्या बोटी शिकवतात, आणि सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणे तिकडंच असतात, राहायची सोय होऊन जाते. छोट्या बोटीत वारा अंगाला कळतो. नंतर कुणाच्या तरी मोठ्या बोटीवर हात लावायला म्हणून दोन-चार रात्रींचा प्रवास करा, दोघांनी. वहिनींना तिसऱ्या रात्रीसुद्धा बरं वाटलं तर बोट घ्या.

लंकावीहून श्रीलंका साधारण ११०० ते १२०० सागरी मैल, आणि ते पार करायचा काळ जानेवारी-फेब्रुवारी, ईशान्येचा वारा पाठीशी असताना. जूनला नैर्ऋत्य मान्सून लागला की इकडं येणं बंद. यंदाच्या हंगामात निघायचं मनात असेल तर बोट सप्टेंबरपर्यंत ठरायला हवी, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या यार्डात वर काढायला जागा मिळत नाही आणि तारा बसवणारा रिगर सापडत नाही. सर्व्हेचा रिपोर्ट आला की इथंच टाका. सोबत बिल्जचे, चेनप्लेटांचे आणि सुकाण्याच्या खालच्या टोकाचे फोटो, फ्लॅश न लावता, बॅटरी आडवी धरून काढलेले.